रेंज मरते ती जागा

हर्षा जनबंधूने एम.एस्सी.ला खगोलभौतिकी घेतली, तेव्हा चिचटोली गावाने मनाचा मोठेपणा दाखवून तिला माफ केलं. पोरगी हुशार होती. नर्सिंगला गेली असती तर आतापर्यंत साकोलीत ड्युटीवर असती, डी.एड. केलं असतं तर निदान वाट पाहणाऱ्यांच्या यादीत असती. पण ताऱ्यांचाच अभ्यास करायचा म्हणते तर करू द्या बापा, असं म्हणून लोक आपापल्या अडचणी घेऊन तिच्याकडे येऊ लागले. श्यामरावांनी विचारलं, यंदा पाणी कधी पडते? त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी विचारलं, चंद्रावर गेलं की वजन कमी होते म्हणतात, ते घरी आल्यावर पुन्हा वाढते का? एक जण तर पोराची पत्रिकाच घेऊन आला. जनबंधूंच्या ओसरीत बसला, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्याच्या नजरेस पडला, पत्रिका त्याने हळूच शर्टाच्या आत सरकवली आणि म्हणाला, "पाणी द्या जी प्यायले." पाणी प्यायला आणि गेला.

चिचटोली सानगडीच्या पुढे आहे, डांबर संपून खडी लागते आणि खडीही कंटाळते तिथे. तीन बाजूंना जंगल, एका बाजूला तलाव. हर्षाचे वडील यादोराव सानगडीच्या एका शाळेत शिपाई, शिवाय घरची थोडी धानाची शेती. आई विमलाबाई त्या शेतीच्या आणि यादोरावांच्या, दोघांच्याही मालक.

हर्षा शिकायला होती नागपुरात. तिच्या विभागात एक दुर्बीण होती. होती म्हणजे कपाटात होती. कपाटाची किल्ली ज्या बाबूंकडे होती ते रिटायर होऊन मुलाकडे राहायला गेले, आणि किल्लीही त्यांच्यासोबत रिटायर झाली. त्यामुळे खगोलभौतिकीचे विद्यार्थी दुर्बिणीचे प्रकार, दुर्बिणीचे गुण आणि दुर्बिणीचे दोष पाठ करत, अन् परीक्षेत दुर्बिणीची सुबक आकृती काढत. आकृती पेन्सिलने काढली नाही तर मार्क कापत.

तिचे गाइड पुस्तोडे सर. सरांची पीएच.डी. एका ताऱ्यावर होती. तो तारा त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि पाहावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. "आकाशाकडे पाहून काय भेटते?" ते वर्गात विचारत. "मान दुखते." त्यांच्या हाताखाली प्रबंध करायची पद्धत सोपी होती. परदेशातल्या कुठल्यातरी वेधशाळेने जगासाठी खुला ठेवलेला डेटा उतरवून घ्यायचा, ग्राफ काढायचा, मागच्या वर्षीच्या पोराने निळा काढला असेल तर आपण लाल काढायचा, आणि बाइंडिंगला द्यायचं.

हर्षाला ही अक्कल नव्हती. ती म्हणाली, "सर, मी स्वतः मोजणार."

"काय मोजणार?"

"आकाशगंगा किती वेगानं फिरते ते."

सर हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माणूस असं ऐकून हसणारच. पण तिची गोष्ट वेडेपणाची नव्हती. आकाशगंगेत हायड्रोजन वायू पसरलेला आहे, तो अगदी क्षीण रेडिओ लहरी सोडत असतो. वायू ज्या वेगाने फिरतो त्या मानाने त्या लहरी थोड्या इकडेतिकडे सरकतात, आणि किती सरकल्या त्यावरून वेग काढता येतो. त्यासाठी पत्र्याचं एक मोठं चौकोनी नरसाळं, बोटाएवढा रिसीव्हर आणि लॅपटॉप पुरतो. या लहरी दिवसाही येतात, ढगातूनही येतात. गंमत पुढेच आहे. केंद्रापासून दूर, कडेकडेने फिरणारा वायू हिशेबाने मंद फिरायला हवा, पण तो मंद होत नाही, आणि का होत नाही हे जगातल्या शहाण्यांना अजून धड सांगता आलेलं नाही. हे पुस्तकात छापलेलं आहे. हर्षाला ते छापलेलं नको होतं, स्वतःच्या नरसाळ्यातून आलेलं हवं होतं. आणि पुढच्या पीएच.डी.च्या मुलाखतीत म्हणे एकच प्रश्न घोळून घोळून विचारतात, तू स्वतः काय केलंस? तिथे लाल ग्राफ काढला असं सांगायची तिची तयारी नव्हती.

"करा," सर म्हणाले. "फेब्रुवारी लागला की ग्राफ माझ्या टेबलावर. नाही आला तर सगळ्यांसारखं डाउनलोड. मग पुन्हा हे स्वतः-बितः माझ्यासमोर बोलायचं नाही."

तिने हॉस्टेलच्या गच्चीवर छोटं नरसाळं लावून पाहिलं. नागपूर शहरात चहाची टपरी नसेल अशी गल्ली सापडेल, मोबाइलचा टॉवर दिसणार नाही अशी गच्ची सापडत नाही. टॉवरांच्या गोंगाटात तिचा स्वस्तातला रिसीव्हर बहिरा होऊन बसला. सर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" आणि तिथेच हर्षाच्या डोक्यात उजेड पडला. ज्या एका गोष्टीसाठी सानगडी आणि अड्याळचे सोयरे चिचटोलीला नावं ठेवत, पोरी द्यायला तयार नसत, ती गोष्ट आज तिच्या कामाची होती. चिचटोलीत रेंज नव्हती.

नव्हती म्हणजे घरात नव्हती, शेतात नव्हती, शाळेत नव्हती. तलावाच्या पाळीवर चिचेच्या मोठ्या झाडाखाली मोबाइल वर धरला तर सानगडीची उष्टी रेंज थोडी मिळे. संध्याकाळी पाळीवर पाच-दहा माणसं हात वर करून उभी असत. दुरून पाहणाऱ्याला वाटे, पोलिसांनी धरलंय.

टॉवर नव्हता असं नाही. शाळेमागच्या टेकडीवर कधीचा उभा होता. त्याला कुंपण होतं, 'धोका' अशी लाल पाटी होती, फक्त तो सुरू नव्हता, आणि कुंपणाला देवकाबाईची म्हैस बांधलेली असे. हर्षाचा सरकारी कामावर गाढ विश्वास होता. इतकी वर्षं सुरू न झालेला टॉवर आता काय सुरू होणार! असा विश्वास फक्त चिचटोलीत जन्मलेल्या माणसालाच बसतो. इथेच ती फसली.

जानेवारीत ती सामान घेऊन गावी आली. तेलाचे डबे कापून पत्रे काढले, प्लायवूडला ठोकले, फटींवर पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल चिकटवली. "माणसाच्या पोळ्यांले भेटत नाही अन् इथं पत्र्याले गुंडाळून राहिली," विमलाबाई म्हणाल्या, पण चिकटवायला त्याच बसल्या. माणूस आत उभा राहील एवढं ते नरसाळं खळ्यावर तणशीच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांच्या ढिगाला टेकवून आकाशाकडे तोंड करून ठेवलं, तशी गावाने त्याचं नाव ठेवलं भोंगा.

"वाजत काहून नाही हा?" श्यामरावांनी विचारलं.

"काका, हा वाजत नाही. हा फक्त ऐकतो."

"मंग आपल्या भोजराजच्या उलटा आहे," श्यामराव म्हणाले आणि समाधानाने निघून गेले. भोजराज म्हणजे सरपंच मंगलाबाईंचा नवरा. सरपंच मंगलाबाई होत्या, सरपंचपण भोजराज करत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपच्या सपाट रेघेवर एक छोटंसं टेंगूळ वर आलं. हर्षाने आधी रिसीव्हरची तार हलवून पाहिली. मग भोंग्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं, टेंगूळ सरकलं. परत आणलं, ते परत आलं. मग मात्र ती ओरडली, "आई! आई, इकडे ये!" आणि विमलाबाई हातातलं सूप घेऊन पळत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

"हे पाह्य. हा हायड्रोजनचा सिग्नल आहे. आकाशगंगेतला. हजारो वर्षांपूर्वी तिकडून निघाला आणि आत्ता आपल्या खळ्यात पोचला."

विमलाबाईंनी टेंगळाकडे पाहिलं. "हजारो वर्षं? लाखांदूरच्या एसटीनं आला का?"

हर्षा हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं तिने ज्याच्या आकृत्या काढल्या होत्या ते आज तिच्याकडे आलं होतं, तेलाच्या डब्यातून. विमलाबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं आणि सूप घेऊन गेल्या.

त्यानंतर काम सुरळीत चाललं. आकाशगंगेच्या केंद्राकडून सुरुवात करून ती कडेकडे सरकत होती, एकेका दिशेचा एकेक बिंदू ग्राफवर बसत होता. वीज जाई, लॅपटॉप बसे, कोंबडी भोंग्यात जाऊन अंडं घालायचा विचार करे, पण बिंदू येत होते. आतले बिंदू झाले, मधले आले. कडेचे, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप होता ते, तेवढे बाकी होते. अशात एका दुपारी भोजराज पांढऱ्या कपड्यांत खळ्यावर आला.

"हर्षाबाई, सव्वीस तारखेले कुठं जाजो नको. टॉवरचं उद्घाटन आहे. साहेब येऊन राहिले. अन् बटण तू दाबशीन! म्या साहेबांले सांगतलं, आमच्या गावात सायन्सवाली पोरगी आहे, तिच्याच हातानं झालं पाहिजे."

हर्षाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तणशीत पडला. "कोणता टॉवर?"

"कोणता म्हणजे? आपला! वरून मंजुरी आली, लाइन जोडली, सगळं झालं. देवकाबाईले म्हैस सोडा लावली काल."

म्हैस सोडली म्हणजे गोष्ट खरी होती. हर्षा रात्रभर तळमळली आणि सकाळी भोजराजच्या घरी गेली. म्हणाली, "भाऊ, उद्घाटन चार-पाच दिवस पुढे ढकलता येते का?"

भोजराजचा चहाचा कप ओठापाशी थांबला. "काहून?"

तिने समजावलं. टॉवरच्या लहरी केवढ्या, आकाशातून येणाऱ्या केवढ्याशा. टॉवर सुरू झाला की भोंग्याला टॉवरच ऐकू येणार, दुसरं काहीच नाही.

"म्हणजे आपल्या टॉवरपुढं तुह्यं ब्रह्मांड ऐकू नाही येणार?"

"नाही ना!"

"इतका पावरफुल आहे!" भोजराजचा चेहरा फुलला. "मंगला, ऐकलं का वो? पोरगी एम.एस्सी. आहे, ती सांगून राहिली, आपल्या टॉवरपुढं ब्रह्मांड फेल!" आत भात गाळणाऱ्या सरपंचांनी 'हाव' म्हटलं. ग्रामसभेतही त्या तेवढंच म्हणत.

"भाऊ, माझं वर्ष जाईल."

"हे पाह्य बाई, ब्रह्मांड काही पळून जात नाही. साहेब पळून जाते. सव्वीस तारखेचा टाइम कसा भेटला ते मले माहीत." भोजराजने कप खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "अन् मले कायले सांगतेस? तुह्या बापाले सांग. टॉवर म्या आणला असं म्या भाषणात सांगणार आहो, ते येगळं. पण आणला त्यानं."

"बाबांनी?"

"मंग? महिन्यातून एका सोमवारी सुट्टी टाकली का हा साकोलीले. तिथून भंडाऱ्याले. सायबाच्या टेबलापुढं जाऊन उभा राहे. भांडण नाही, ओरडणं नाही. 'माही पोरगी झाडावर चढून शिकली जी,' एवढंच म्हणे. ऑफिसातले लोक त्याले झाडावाला म्हणाले लागले. शेवटी कंटाळून फाइल काढली त्याहिनं."

हर्षाला ते झाड आठवलं. लॉकडाऊनमध्ये ती बारावीत होती. ऑनलाइन तासाला पाळीवरची रेंज पुरत नसे म्हणून ती चिचेच्या झाडावर चढून बसे, मोबाइल फांदीला बांधून. एकदा गणिताचा तास ऐकता ऐकता वरून खाली आली आणि मनगट मोडलं. यादोरावांनी तिला सायकलवर बसवून सानगडीपर्यंत नेलं, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बाबा आपल्यावर रागावलेत असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं. एखाद्या सोमवारी सुट्टी टाकून ते कुठे जातात हे तिने कधी विचारलंही नव्हतं. बापांना कामं असतात.

घरी आली तेव्हा यादोराव पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते, सव्वीस तारखेसाठी. तांब्यात निखारे घालून चाललं होतं.

"भोजराजनं सांगतलं का तुले? म्या त्याले म्हटलं होतं सांगजो नको, सरप्राइज आहे." ते शर्टाकडे पाहूनच बोलत होते. त्यांना एवढं बोलायची सवय नव्हती. "आता तू सुट्टीत घरी आली तरी अभ्यास बुडत नाही. पळापळ नोको. खूश आहेस ना?"

"हो बाबा," हर्षा म्हणाली. "खूप."

विमलाबाईंनी तांदूळ पाखडता पाखडता वर पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही काळजी करण्यासारखी गोष्ट होती.

उरलेल्या दिवसांत हर्षाने जेवण खळ्यावरच केलं. पण आकाश कोणाच्या उद्घाटनाची घाई बघून फिरत नाही. प्रत्येक दिशा आपल्या वेळेला डोक्यावर येते आणि आपल्या वेळेला जाते, मधल्या वेळात वीज जाते. पंचवीस तारखेला संध्याकाळी कडेचे बिंदू यायला हवे होते तिथे ग्राफवर कोरी जागा होती.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, बुंदी झाली, आणि मग सगळं गाव मंडपात साहेबांची वाट पाहत बसलं. साहेब दुपारी आले. भोजराजने भाषणात टॉवर आपण आणल्याचं सांगितलं, ठरल्याप्रमाणे. मग "चंद्र आणि मंगळावर जिचं रोजचं येणं-जाणं आहे अशी आपल्या गावची कन्या" असं म्हणून त्याने साहेबांच्या हातून हर्षाला शाल घातली. मग कोणीतरी मागून ओरडलं, "यादोरावले बोलू द्या!" यादोराव उठले, माइकपासून बरंच लांब उभे राहिले.

"जय भीम," ते म्हणाले. "माह्या पोरीले झाडावर चढा लागलं. आता कोणाच्याच पोरीले चढा लागणार नाही." आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना पटकन कळलं नाही. साहेबांनी मात्र त्यांनाही एक शाल घातली.

हर्षाने बटण दाबलं. बटण घरच्या बेलचं होतं, त्याला एक लाल दिवा जोडला होता. टॉवर तर इंजिनिअरने सकाळीच सुरू करून ठेवला होता. दिवा लागला, फटाके वाजले आणि सगळी चिचटोली एका दमात "हॅलो" म्हणून ओरडली. श्यामरावांनी शेजारी उभ्या असलेल्या सुमनबाईंना फोन लावला, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बराच वेळ बोलले. घरातही एवढं बोलत नसत.

हर्षाचा फोन वाजला. पुस्तोडे सर.

"अरे वा, लागला! तुमच्या गावी नेटवर्क आलं वाटते. बरं झालं. आता तिथूनच डाउनलोड करून टाक."

ती खळ्यावर गेली. लॅपटॉपवर टेंगूळ नव्हतं, रेघही नव्हती, नुसती एक आडदांड भिंत उभी होती. भोंगा कुठेही फिरवा, भिंत तिथेच. तिने तार काढली, तणशीच्या ढिगामागे बसली आणि मोठ्याने रडली. मोठ्याने रडायला हरकत नव्हती. गाव फोनवर होतं.

विमलाबाई तिला शोधत आल्या. पोरीकडून त्यांनी सगळं काढून घेतलं, आणि यादोराव मानाची शाल खांद्यावर घेऊन घरी आले तेव्हा ओसरीतच त्यांना धरलं. "काढा ती शाल! तुमच्या टॉवरनं पोरीचं वाटोळं केलं!"

"आई!" हर्षा आतून ओरडली, पण गाडी सुटली होती. विमलाबाईंनी भिंत, टेंगूळ, हायड्रोजन, सर, सगळं सांगितलं, त्यांना कळलं होतं तसं, म्हणजे बऱ्यापैकी बरोबर. यादोराव उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग शाल काढून त्यांनी नीट घडी केली, खुंटीवर ठेवली.

"म्हणजे तुले रेंज नोको होती," ते म्हणाले.

"तसं नाही बाबा. गावाला पाहिजेच होती. मलाच..."

"मले सांगा लागत होतं," यादोराव म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले नाहीत. खुंटीवरची पिशवी होती, सायकल होती, यादोराव नव्हते. थोड्या वेळाने सुमनबाई बातमी घेऊन आल्या. "विमलाबाई, तुमच्या घरच्याले काही झालं का वो? धानाच्या बांधीबांधीतून मोबाइल वर करून फिरून राहिले. आता तं सगळीकडं फुल रेंज आहे!" मग श्यामराव आले. त्यांनी यादोरावांना तलावाच्या सांडव्याजवळ पाहिलं होतं, हात वर, डोळे मोबाइलवर. त्यांनी विचारलं, काय शोधून राहिले जी? तर यादोराव म्हणाले, काही नाही. गावाने ठरवलं की इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जात नाही, आणि पोटभर हसून घेतलं.

दुपार कलताना यादोराव आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातभर काट्यांचे ओरखडे. हर्षाच्या पुढ्यात मोबाइल धरला.

"चाल. सापडली."

"काय सापडली?"

"जागा. तिथं मरते रेंज."

तलावाच्या पलीकडे पहाडी आहे आणि पहाडीच्या मागे जंगलाच्या पोटात एक जुनी, आटलेली बोडी, म्हणजे छोटं तळं आहे. कोणे एके काळी तिच्या पाण्यावर दोन-चार बांध्या पिकत, आता तिथे गवत आहे आणि शांतता आहे. यादोराव बोडीच्या तळाशी उतरले, मोबाइल उंच धरला, मग खाली, मग चारही दिशांना. इतकी वर्षं रेंजसाठी हात वर करणारा माणूस तसाच हात वर करून उभा होता, आणि मोबाइलवर काही नाही म्हणून त्याचा चेहरा उजळला होता.

"पहाडी आडवी येते ना," ते म्हणाले. "हे पाह्य. काहीच नाही. त्या कोपऱ्यात थोडी येते, तिकडं नोको ठेवू."

श्यामरावांची बैलबंडी मागून भोंगा आणला. बोडीत तणीस अंथरून त्यावर ठेवला, शाळेची एक जुनी बॅटरी यादोरावांनी डोक्यावरून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाने तार जोडली. भिंत नव्हती. रेघ जरा थरथरत होती, पण रेघच होती. आकाश सरकलं, आणि हळूच टेंगूळ वर आलं. तिला एवढं मोकळं वाटलं की तिने भोंग्याच्या पत्र्यालाच टेकून डोळे मिटले.

मग यादोराव बोडीच्या पाळीवर जाऊन बसले आणि तिथून उठले नाहीत. मोबाइल घेऊन बोडीकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते लांबूनच हाताने परतवत, कारण पोरीने सांगितलं होतं, रेंज नसली की फोन जास्तच बोंबलतो. देवकाबाई बेघर झालेली म्हैस घेऊन आल्या, फोन कमरेला. त्यांना परतवलं, म्हैस राहू दिली. कडेचा पहिला बिंदू बसला. दुसऱ्या दिवशी आणखी बसले. हिशेबाने ते खाली उतरायला हवे होते. एकही उतरला नाही. पुस्तकात होतं तसंच, पण आता ते पुस्तकातलं नव्हतं.

आणि मग भोजराज आला. गावात दोन दिवस यादोरावांची चर्चा ऐकून त्याला राहवलं नाही.

"यादोराव! इथं रेंज नाही म्हणतात?"

"नाही."

"हे काय बोलणं झालं? माह्या गावात अशी जागा राहते म्हणजे?" भोजराजचा सार्वजनिक जीव तळमळला. "चिंता नोको. आत्ता साहेबांले फोन लावतो, दुसरा टॉवर! या पहाडीवरच!" त्याने खिशातून मोबाइल काढला, कानाला लावला, पाहिला, परत लावला. मग हात वर करून गोल फिरला. "लागत काहून नाही?"

"इथं लागत नाही," यादोराव म्हणाले. "गावात जा. तिथं मस्त लागते."

भोजराज मोबाइल वर धरून पहाडी चढू लागला. यादोराव तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले, मग बोडीत उतरून लेकीजवळ येऊन बसले. दुपारचं ऊन होतं. रेघेवर शेवटचं टेंगूळ तयार होत होतं आणि हर्षा श्वास रोखून बसली होती. एकदम तिच्या मनात आलं, बाबा इतका वेळ इथेच आहेत.

"बाबा, तुमचा मोबाइल बंद आहे ना?"

"आणलाच नाही. घरी ठेवला."

"काहून? टॉवर सुरू झाल्यापासून तुम्ही कोणाला एक फोनसुद्धा लावला नाही."

यादोरावांनी तणशीची एक काडी उचलली, मोडली.

"तू तं इथंच आहेस," ते म्हणाले. "कोणाले लावू?"